बिंगहॅम्टनची निळी पेटी

न्यूयॉर्क शहराहून मोटारीनें वायव्येच्या रोखें साडेतीन तासांची वाट कापली म्हणजे बुटक्या, दाट झाडीच्या डोंगरांमध्यें सस्क्वेहॅना व शेनँगो या दोन नद्यांचा संगम लागतो. त्या संगमावर बिंगहॅम्टन नांवाचें शहर वसलें आहे. आपल्याकडून अमेरिकेस जाणारी मंडळी न्यूयॉर्कचे उंच मनोरे पाहतात, नायगाऱ्याचा धबधबा पाहतात, आणि त्या दोहोंच्या मधला मुलूख मोटारींत झोंप घेऊन काढतात. आम्हांसहि हें गांव ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. परंतु आमचे जामात तेथील विश्वविद्यालयांत अध्यापनाच्या कामावर आहेत, आणि कन्येच्या आग्रहावरून आम्ही उभयतां एक उन्हाळा तिच्या बिऱ्हाडीं राहून आलों. संगम म्हटला कीं घाट, देऊळ, निदान एखादा पार तरी असावयाचा, अशी आम्हां साताऱ्याकडील माणसांची समजूत. येथें दोन्ही नद्या निमूटपणें एकमेकींस मिळतात आणि वरून पुलावरच्या मोटारी धांवत असतात.

शहर आज फारसें भरभराटींत नाहीं. १९५० सालीं येथील वस्ती ८०,६७४ होती, ती २०२० च्या शिरगणतींत ४७,९६९ भरली. एके काळीं येथें व शेजारच्या एंडिकॉट आणि जॉन्सन सिटी या गांवांत एंडिकॉट-जॉन्सन कंपनीच्या जोड्यांच्या कारखान्यांत वीस हजारांवर माणसें राबत असत. ते कारखाने गेले. मालकांपैकीं जॉर्ज जॉन्सन व त्याचें कुटुंब यांनीं १९१९ पासून १९३४ पर्यंत मुलांसाठीं बांधून दिलेलीं लाकडी घोड्यांचीं सहा फिरतीं चक्रें मात्र अद्याप आहेत, आणि त्यांवर बसण्यास कोणापासूनहि पैसा घ्यावयाचा नाहीं, ही त्या दात्याची अट आजवर पाळली जाते. आमच्या बारा वर्षांच्या दौहित्रास आतां त्या घोड्यांची लाज वाटते. पण शेजारचीं लहान मुलें त्यांवर बसून तासन्‌तास कोठेंच न जातां परम आनंदांत असतात, हें आम्हीं बांकावर बसून पाहिलें आहे. कोठेंच न जाणाऱ्या वाहनांची या गांवाला जणूं परंपराच आहे. कारण न उडणारें विमान जन्मास आलें तें याच गांवीं, आणि तें घडविलें एका बाजाच्या पेट्या करणाऱ्या कारखानदाराच्या मुलानें.

१९१० सालीं एडविन लिंक या गृहस्थानें येथील एक डबघाईस आलेली स्वयंचलित वाद्यांची कंपनी हातीं घेतली आणि आपोआप वाजणारे पियानो व नाटकगृहांत बसविण्याचे प्रचंड ऑर्गन तयार करण्याचा धंदा चालविला. त्या काळीं चित्रपट मुके असत. पडद्यावर प्रसंग चालला असतां खालीं बसून ऑर्गन वाजविणारा एक वादक प्रत्येक थिएटरांत लागे. या लिंकचा मुलगाहि एडविनच. त्याचा जन्म १९०४ चा. हा बापाच्या कारखान्यांत ऑर्गन जुळवावयास व दुरुस्त करावयास शिकला. ऑर्गनचा प्राण म्हणजे वारा. भाते फुगतात, मिटतात, झडपा उघडतात, लागतात, आणि तो वारा जेथें नेऊं तेथें काम करतो. बाजाच्या पेटीच्या भात्याला ज्या घरांत कोणाचाच हात लागला नाहीं असें घर आमच्या वाचकांत विरळा असेल. तेव्हां याहून अधिक सांगणें नको.

१९२७ सालीं बोलपट निघाला आणि त्या मोठ्या ऑर्गनांचा धंदा बसत चालला. आपल्याकडे १९३२ सालीं ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि पुढें थोड्याच वर्षांत संगीत नाटकमंडळ्यांची जी दशा झाली, ती वडील मंडळींच्या तोंडून आम्हीं पुष्कळ ऐकली आहे. त्या मंडळ्यांचे ऑर्गन कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या माजघरांत धूळ खात पडले. बिंगहॅम्टनच्या भात्यांचा मात्र निराळा उपयोग झाला.

धाकट्या लिंकला विमानाचें वेड होतें. १९२० सालीं, सोळा वर्षांचा असतां, त्यानें लॉस एंजेलिस येथें पहिला धडा घेतला. ती शाळा चार्ली चॅप्लिन या विख्यात नटाचा बंधु सिडने याची होती. धड्याची फी पन्नास डॉलर, म्हणजे त्या काळीं थोडीथोडकी नव्हे. धडा म्हणजे काय, तर शिक्षकानें विमान आभाळांत नेलें, कोलांट्या मारल्या, भोंवऱ्यासारखें गरगर फिरविलें, छपरांवरून सूं करून नेलें आणि खालीं आणलें; शिष्याच्या हातीं दांडा एकदांहि दिला नाहीं. अशा गुरुजींचे नमुने विमानविद्येंतच आहेत असें नव्हे. सगळीं उदाहरणें फळ्यावर स्वतःच झरझर सोडवून, खडू कोणाच्या हातीं न देतां, तास संपवून घामाघूम होऊन बाहेर पडणारे सहकारी आम्हीं छत्तीस वर्षांच्या नोकरींत पाहिले आहेत. मुलें चकित होतात. गणित येत नाहीं. मात्र बाकीचे विद्यार्थी असे धडे विसरून जातात. लिंक विसरला नाहीं. जमिनीवर, थोड्या पैशांत, जीव धोक्यांत न घालतां विमान हांकण्याची संवय करून देतां येईल कीं नाहीं, हा प्रश्न त्याच्या डोक्यांत राहिला. १९२७ च्या सुमारास बापाच्या कारखान्याच्या तळघरांत तो कामास लागला आणि दीडएक वर्षांत त्यानें तें यंत्र उभें केलें. त्यानें स्वामित्वाच्या हक्कासाठीं अर्ज केला, तो १९३१ सालीं मान्य झाला.

हें यंत्र बाहेरून पाहतां हंसूं येतें. एक आंखूड, फुगीर, लाकडी विमान, पंख अर्धवट खुडल्यासारखे, शेपटी चिमुकली. धड निळें, पंख पिवळे. पुढें याला शिपाई ‘निळी पेटी’ म्हणूं लागले. धडाखालीं चार भाते, खालीं फिरतें बैठें, आणि तळाशीं हवा ओढून घेणारा विजेचा पंखा. वैमानिकानें दांडा पुढें लोटला कीं झडपा सरकतात, एका बाजूच्या भात्यांतील हवा निघून तो मिटतो, दुसरा फुगतो, आणि विमान नाक खालीं घालतें. दांडा डावीकडे नेला कीं तें डावीकडे कलतें. पायांतील पट्टी दाबली कीं आणखी एक भात्यांचाच संच त्याला आपल्या जागीं गोल फिरवितो. ऑर्गनमध्यें जो वारा सूर काढी, तोच येथें माणसाला वर उचलतो व खालीं सोडतो.

लोकांनीं याचें काय केलें? विमानशाळांनीं ढुंकून पाहिलें नाहीं. विकत घेतलें तें जत्रेंतल्या खेळवाल्यांनीं. नाणें टाकावें, आंत बसावें, पांच मिनिटें डुलावें आणि उतरावें. लिंकनें बिंगहॅम्टनमध्येंच या यंत्रावर शिकविण्याची शाळाहि काढून पाहिली. पण ते मंदीचे दिवस होते, आणि विमान चालविण्यास शिकावें अशा विवंचनेंत फारसें कोणी नव्हतें. १९३१ सालीं त्यानें मॅरियन क्लेटन या वार्ताहर तरुणीशीं विवाह केला. पुढें पन्नास वर्षें धंद्यांत व प्रवासांत ती त्याच्याबरोबर राहिली, आणि त्यांच्या सागरयात्रांवर तिनें ग्रंथहि लिहिला. परंतु त्या पहिल्या काळांत या जोडप्यापाशीं एक न खपणारें खेळणें होतें, एवढेंच म्हणतां येईल.

मग १९३४ सालचा हिंवाळा आला. त्या फेब्रुवारींत अध्यक्ष रूझव्हेल्ट यांच्या सरकारनें खासगी विमान कंपन्यांशीं झालेले टपाल वाहण्याचे करार गैरव्यवहाराच्या संशयावरून एकाएकीं रद्द केले, आणि टपालाच्या थैल्या लष्करी वैमानिकांच्या हवालीं केल्या. हे वैमानिक भित्रे नव्हते, अडाणीहि नव्हते. पण त्यांस दिवसाउजेडीं, खालची नदी, रस्ता, आगगाडीचे रूळ पाहत उडण्याची संवय. टपालाला मात्र रात्र नसते आणि धुकें नसतें. विमानांवर उपकरणें तुटपुंजीं. जीं होतीं तीं वाचण्याचा सराव थोडा. त्यांतच त्या वर्षींची थंडी कडक. काम सुरूं होण्यापूर्वीं तालमीच्या उड्डाणांतच तिघे गेले. जूनच्या आरंभीं तें काम पुन्हां कंपन्यांकडे जाईपर्यंत सुमारें बारा तरुण मृत्युमुखीं पडले होते. टपालाच्या थैल्यांपायीं! वर्तमानपत्रांतून एकच गिल्ला झाला.

याच धामधुमींत लष्कराचे कांहीं अधिकारी न्यूअर्कच्या विमानतळावर लिंकची भेट घेण्यासाठीं येऊन थांबले होते. पाऊस आणि धुकें असें कीं विमान उतरणें अशक्य. आतां हा गृहस्थ येत नाहीं, असें म्हणून ते निघण्याच्या बेतांत होते. तोंच ढगांत घरघर ऐकूं आली आणि लिंकचें विमान त्या धुक्यांतून खालीं उतरलें. तो केवळ उपकरणांकडे पाहत आला होता. त्यास व्याख्यान द्यावें लागलें नाहीं. त्या जूनमध्यें लष्करानें प्रत्येकीं ३,५०० डॉलर देऊन सहा निळ्या पेट्या विकत घेतल्या.

येथें वाचक विचारतील, धुक्यांत दिसत नाहीं हें खरें, पण विमान सरळ चाललें आहे कीं वांकडें, हें बसणाऱ्यास अंगाला कळणार नाहीं काय? पसरणीच्या घाटांत पावसाळ्यांत धुकें उतरलें म्हणजे मोटार हांकणारा वेग कमी करतो, थांबतो. वर कोण, खालीं कोण, याविषयीं त्याला संशय पडत नाहीं, कारण पायाखालीं पृथ्वी असते. विमानांत तीच नसते. आपल्या कानाच्या आंत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा रस असतो, आणि डोकें वळलें कीं तो रस मागें रेंगाळतो, त्यावरून वळण्याचें ज्ञान होतें. परंतु वळण तसेंच चालूं राहिलें तर वीसएक सेकंदांत तो रसहि बरोबर फिरूं लागतो आणि वळण्याची जाणीव नाहींशी होते. विमान कललेलें, वळत असलेलें, खालीं घसरत असलेलें. आणि आंत बसलेला माणूस शपथेवर सांगेल कीं मी सरळ चाललों आहें. बरें, उपकरण पाहून त्यानें विमान सरळ केलें, तर तो रस उलट दिशेस ढकलला जातो आणि त्यास वाटतें, आपण आतां दुसरीकडे वळलों! म्हणून तो तें ‘दुरुस्त’ करतो, म्हणजे पुन्हां पहिल्या वळणांत शिरतो. अशी फेरी लहान लहान होत जमिनीपर्यंत येते. त्या हिंवाळ्यांतील कित्येक विमानें अशींच आलीं असलीं पाहिजेत.

आमचें बालपण ज्या शास्त्रीबुवांच्या पायांशीं गेलें त्यांनीं प्रमाणांची गणती करतांना प्रत्यक्षाला अग्रपूजेचा मान दिला होता, आणि आम्हींहि तोच मुलांस दिला. दोरीवर साप भासला तर दिवा आणावा. दोरी दिसली कीं साप गेला. पण वैमानिकाचा साप दिवा आणल्यावरहि जात नाहीं. सुई सांगते, तूं डावीकडे वळतो आहेस. तो सुई पाहतो, ती खरी आहे हें जाणतो, आणि तरीहि सर्वांग ओरडून सांगत असतें कीं सरळच आहे. वेदान्त्यांनीं दिङ्मोहाचा दृष्टान्त दिला आहे, कीं पूर्व कोणती हें आप्तानें सांगितलें, बुद्धीस पटलें, तथापि ती पश्चिमच वाटत राहते. पुस्तकांत तो दृष्टान्त वाचणें वेगळें आणि ताशीं दोनशें मैलांच्या वेगानें त्यांत सांपडणें वेगळें. अशा वेळीं अंगाचें न ऐकतां सुईचें ऐकावयाचें, हें कोणास सांगून येत नाहीं. त्याला संवयच लागते, आणि ती संवय लावतांना शंभरदां चुकावें लागतें. निळ्या पेटीचा सारा उपयोग एवढाच कीं, ती चुकूं देते.

बिंगहॅम्टनमध्यें टेकवर्क्स नांवाचें एक संग्रहालय आहे. तेथें हीं यंत्रें दुरुस्त करून ठेवलीं आहेत. दुसरीकडे, रॉबर्सन संग्रहालयांत असलेल्या यंत्रास अमेरिकन यंत्रशास्त्रज्ञांच्या संस्थेनें २००० सालीं ऐतिहासिक स्मारकाचा मान दिला. आम्ही टेकवर्क्समध्यें गेलों त्या दिवशीं गर्दी नव्हती. एका वृद्ध स्वयंसेवकानें आमच्या दौहित्रास आंत बसविलें, कानांस ऐकण्याचीं यंत्रें लावलीं आणि वरून झांकण ओढलें. पोर अंधारांत, समोर उजळलेलीं चार-सहा घड्याळें. आम्हांस त्या गृहस्थानें बाहेरच्या मेजापाशीं बसविलें. ही जागा शिक्षकाची. मेजावर नकाशा पसरलेला असतो आणि त्यावर तीन चाकांचें एक लहानसें यंत्र शाई लावलेल्या चाकानें रेघ ओढीत सरपटत जातें. त्याला खेकडा म्हणतात. आंतला विद्यार्थी जेथें जेथें ‘उडतो’, तेथें तेथें खेकडा मेजावर चालतो. शिक्षक बोलका नळा तोंडाशीं धरून सूचना देतो, वारा बदलतो, वादळ आणतो. शिकविण्याच्या धंद्यांत इतकीं वर्षें काढून असें मेज आम्हांस कधीं मिळालें नाहीं. विद्यार्थ्याच्या मनांत काय चाललें आहे, याची रेघ कागदावर पाहण्यास मिळती, तर आम्हीं पुष्कळ छड्या वांचविल्या असत्या.

त्या गृहस्थानें दौहित्रास सांगितलें, “सरळ उत्तरेस जा.” खेकडा थोडा वेळ सरळ गेला, मग उजवीकडे झुकला, आणि मग त्यानें नकाशावर एक सुरेख वेटोळें काढावयास आरंभ केला. झांकण उघडलें तेव्हां मुलगा म्हणाला, “आजोबा, मी सरळ गेलों ना?” आम्हीं कांहीं न बोलतां त्यास मेजापाशीं आणून ती रेघ दाखविली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत उभा राहिला. मग त्यानें पुन्हां बसूं कां म्हणून विचारलें. तिसऱ्या खेपेस रेघ बरीच सरळ आली.

हें सारें आम्हीं इतक्या बारकाईनें पाहिलें याला कारण आहे. साताऱ्यास आमच्या थोरल्या बंधूंची नात बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आणि तिनें वैमानिक होणार म्हणून सांगितलें. घरांत दोन तट पडले. दादा कांहीं बोलत नाहींत. त्यांचें न बोलणें हें अनुमोदन आहे असें मुलगी समजते आणि विरोध आहे असें वहिनी समजतात. भारतांत धंदेवाईक वैमानिकाचा परवाना मिळण्यास २०० तास उड्डाण करावें लागतें, हें मुलीनें सांगितलें तेव्हां वहिनींनीं एवढेंच विचारलें, “त्यांतला पहिला तास कसा?” आम्ही अमेरिकेस निघालों तेव्हां त्यांनीं आम्हांस बाजूस घेऊन बजावलें, “भावजी, तुम्ही जेथें जातां तेथें ही विद्या जुनी. एवढें पक्कें विचारून या, कीं पोरीला एकदम आभाळांत नेतात, कीं आधीं जमिनीवर कोणी नीट शिकवतें.” वहिनींनीं सांगितलेलें काम आम्हीं लग्न होऊन त्या घरांत आल्यापासून कधीं टाळलें नाहीं.

युद्धाचा काळ थोडक्यांत सांगतों, कारण त्या आकड्यांनीं डोकें गरगरतें. दुसऱ्या महायुद्धांत दहा हजारांवर पेट्या तयार झाल्या. ऐन भरांत दर पाऊण तासास एक कारखान्यांतून बाहेर पडे. अमेरिकेचे पांच लाख वैमानिक त्यांवर शिकले. आणि युद्धापूर्वीं या पेट्या जपानच्या नौदलासहि विकल्या गेल्या होत्या. यंत्राला शिष्य कोणाच्या बाजूचा हें कळत नाहीं. आम्हांस मात्र त्या काळांतील दुसऱ्याच एका यंत्राचें कौतुक वाटलें. रात्रीं अटलांटिक महासागर ओलांडणाऱ्या ब्रिटिश विमानांस ताऱ्यांवरून मार्ग काढावा लागे; तें शिकविण्यासाठीं लिंकनें वीम्स या नौकानयनशास्त्रज्ञाच्या साह्यानें पंचेचाळीस फूट उंच, धान्याच्या कणगीसारखी इमारत बांधली. आंत विमानाची खोली टांगलेली, आणि वर दिव्यांच्या ताऱ्यांचा घुमट. काळ जाईल तसा आणि विमान ‘पुढें जाईल’ तसा तो घुमट फिरे. विमानांतील सगळी तुकडी आंत बसून रात्रभर कोठेंहि न जातां महासागर ओलांडी, आणि पहांटे चुकलेली असे किंवा पोंचलेली असे. जो पंचांग पाहतो त्यालाच या घुमटाचें मोल कळेल.

पुढें कंपनीचे धनी बदलत गेले. १९५४ सालीं ती जनरल प्रिसिजन या कंपनींत मिळाली. अपोलोच्या अंतराळवीरांनीं चंद्रावर जाण्यापूर्वीं ज्या कृत्रिम यानांत महिनोन्‌महिने सराव केला, तीं याच लिंकच्या लोकांनीं केलेलीं. म्हणजे चंद्रावर पाऊल पडण्याआधीं तेथें उतरणें अनेकवार जमिनीवर होऊन गेलें होतें. १९६८ सालीं सिंगरनें ती विकत घेतली. होय, तोच शिवणयंत्रांचा सिंगर, ज्याचें काळें, सोनेरी वेलबुट्टीचें यंत्र आमच्या मातोश्रींच्या खोलींत असे. १९८८ सालीं एका धनिकानें सिंगर कंपनीच ताब्यांत घेऊन तिचे तुकडे विकले. लिंकचें नांव मग हातोहात फिरलें आणि २०२१ सालीं कॅनडांतील सी.ए.ई. या कंपनीकडे आलें. ही जगांतील मोठ्या सिम्युलेटर कंपन्यांपैकीं एक. आणि योगायोग असा कीं, याच कंपनीनें भारतीय विमानतळ प्राधिकरणाशीं भागीदारी करून आपल्या महाराष्ट्रांत, गोंदियानजीक बिरसी येथें, २००८ सालीं विमानविद्येची शाळा काढली. आमच्या नातीच्या तोंडीं जीं दोन-चार शाळांचीं नांवें आहेत त्यांत हें एक.

आजच्या सिम्युलेटरांत भाते नाहींत. सहा यांत्रिक पायांवर एक मोठी खोली उभी असते. आंत खऱ्या विमानाच्या पुढच्या भागाची हुबेहूब प्रतिमा, बाहेर पडद्यावर धांवपट्टी, ढग, पाऊस. शिक्षक मागें बसून एंजिनास आग लावतो, चाकें अडकवितो, ऐन उड्डाणांत वारा उलटवितो. अनुभवी वैमानिकास नव्या जातीचें विमान चालवावयाचें असल्यास कित्येकदां सगळें शिक्षण या खोलींतच होतें, आणि तें विमान तो प्रथम खरोखर उडवितो तेव्हां मागें उतारू बसलेले असतात. हें जामातांनीं आम्हांस परतीच्या प्रवासापूर्वीं चार दिवस सांगितलें. त्यांनीं नंतर सांगितलें असतें तरी चाललें असतें.

लिंकची हकीकत येथें संपती तर बरें होतें. कंपनींतून मोकळा झाल्यावर त्याचें लक्ष आभाळावरून समुद्राकडे वळलें. बुडालेल्या जहाजांचा शोध, पाण्याखालीं माणसानें दीर्घकाळ राहण्याचे प्रयोग, आणि शेवटीं जॉन्सन नांवाच्या एका धनिकाच्या द्रव्यसाह्यानें बांधलेली लहानशी पाणबुडी. (हा जॉन्सन जोड्यांचा नव्हे, औषधांच्या विख्यात घराण्यांतला.) तिला दोघांचीं नांवें मिळून ‘जॉन्सन-सी-लिंक’ असें नांव दिलें. पुढल्या भागांत पारदर्शक गोल, मागें ॲल्युमिनियमची कोठडी. १९७३ च्या जूनमध्यें फ्लोरिडांतील की वेस्टनजीक, माशांसाठीं मुद्दाम बुडविलेल्या एका जुन्या लढाऊ जहाजाच्या सांगाड्यांत ही पाणबुडी अडकली. आंत चौघे होते. मागल्या कोठडींतील दोघांपैकीं एक लिंकचा मुलगा क्लेटन, वय वर्षें एकतीस. श्वासांतून निघालेला विषारी वायु शोषून घेण्यासाठीं आंत एक द्रव्य ठेवलेलें असतें. पुढल्या गोलाची भिंत थंडी आंत येऊं देत नव्हती म्हणून तेथें तें काम करीत राहिलें, धातूची कोठडी समुद्राइतकी गार पडली म्हणून तेथें तें काम करीना. एक दिवसाहून अधिक काळ गेला. पाणबुडी वर काढली तेव्हां पुढले दोघे जिवंत होते आणि मागले दोघे गेले होते.

लाखों बापांचीं मुलें जमिनीवर चुकून शिकलीं तीं या माणसाच्या यंत्रांत. स्वतःच्या मुलासाठीं त्याच्यापाशीं तसें यंत्र नव्हतें. त्यानें पुढें काय केलें, तर अडकलेल्या पाणबुडीपर्यंत माणसावांचून जाऊन तिची सुटका करील असें एक साधन तयार केलें. तो १९८१ सालीं बिंगहॅम्टन येथेंच वारला. गांवाच्या विमानतळास त्याचें नांव आहे, आणि तेथें उतारूंच्या दालनांत एक निळी पेटी ठेवलेली आहे.

आम्हीं तेथूनच वहिनींस सविस्तर पत्र लिहिलें. आधीं जमिनीवर शिकवतात, चुकूं देतात, चुकीची रेघ समोर ठेवतात, आणि मग आभाळांत नेतात. भाते कसे फुगतात तेंहि चित्र काढून दाखविलें. दौहित्राचीं तीन वेटोळीं आमच्या हातानें काढून पाठविलीं. वहिनींचें उत्तर आलें कीं, पत्र मुलीस दिलें, ती चित्र भिंतीवर लावून बसली आहे, आणि यंदाचें लिंबाचें लोणचें फार आंबट झालें. की वेस्टच्या समुद्राविषयीं आम्हीं त्या पत्रांत लिहिलें नव्हतें. हा अंक घरीं येतो आणि वहिनी तो पहिल्या पानापासून वाचतात.